मधला नट

बॉनेट उघडलं की पुढच्या दोन्ही चाकांच्या वर, काचेच्या अलीकडं, पत्र्याचे दोन गोल उंचवटे दिसतात. बऱ्याच गाड्यांत त्यांवर काळी रबरी टोपी असते. ती नखानं उचकटली की आत नट दिसतात. कडेनं तीन, काही गाड्यांत दोन, आणि बरोबर मधोमध एक. कडेचे नट शॉकअपला गाडीच्या पत्र्याशी धरून ठेवतात. मधला नट दाबलेल्या स्प्रिंगला धरून ठेवतो. बघणाऱ्याला सगळे एकाच कुळातले वाटतात, पण बाकीच्यांचं काम जागेवर ठेवायचं आहे आणि मधल्याचं काम कोंडून ठेवायचं.

आणि हा मधला नट गाडीतल्या सगळ्यांत सोयीच्या जागी बसवलेला आहे. शॉकअपचे खालचे बोल्ट चिखलानं आणि गंजानं माखलेले असतात. त्यांना आदल्या रात्री तेल पाजून ठेवावं लागतं, पान्याला पाइप लावून लोंबकळावं लागतं, तेव्हा कुठं ते हूं की चूं करतात. मधला नट मात्र छपराखाली वाढलेला, कोरडा, स्वच्छ, कमरेच्या उंचीवर. घरातला साधा रिंगपाना त्याला बसतो. नवशिक्याचा हात आधी तिकडंच जातो, कारण अवघड ते धोक्याचं आणि सोपं ते बिनधोक असा हिशेब आपण लहानपणापासून करत आलेलो असतो. इथं तो हिशेब नेमका उलटा पडतो.

ही रचना अशी का, याचं उत्तर पैशात आहे. अर्ल मॅकफर्सन नावाचा अमेरिकन इंजिनियर दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास जनरल मोटर्समध्ये शेवरोले कॅडेट या छोट्या, स्वस्त गाडीवर काम करत होता. १९४७ साली कंपनीनं ती गाडी गुंडाळली. मॅकफर्सन फोर्डकडं गेला आणि त्याची कल्पना १९५०-५१च्या सुमारास इंग्लंडमधल्या फोर्ड कॉन्सल आणि झेफिरमध्ये रस्त्यावर आली. कल्पना म्हणजे काय, तर चाकाला वरून धरणारा आर्म, म्हणजे दांडा, काढूनच टाकायचा. शॉकअप उभा करायचा, स्प्रिंग त्याच्याभोवती घालायची, आणि स्टिअरिंग फिरवलं की हा सगळा खांबच चाकाबरोबर वळेल असं करायचं. भाग कमी, खर्च कमी, जागा कमी. छोट्या गाडीत इंजिन आडवं बसवायचं तर दोन चाकांच्या मधे जी जागा लागते, ती या खांबानं मोकळी करून दिली.

आपल्याकडं अँबॅसडरला पुढं टॉर्शन बार, म्हणजे पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणारा दांडा, आणि मागं पाटे, म्हणजे लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग, होते. तिचा शॉकअप बदलताना पाट्यांना हात लावायचं कारण नव्हतं. १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली ती पुढं मॅकफर्सनचा खांब घेऊन, आणि तिच्यानंतर आलेल्या बहुतेक छोट्या गाड्यांनी तोच कित्ता गिरवला. कंपन्यांचे पैसे वाचले, आपल्यालाही गाडी परवडली, आणि एक काम मात्र कायमचं गळ्यात पडलं. पुढचा शॉकअप गेला की तो बदलण्यासाठी धडधाकट असलेली स्प्रिंग आधी उतरवावी लागते. मागच्या बाजूला बऱ्याच हॅचबॅकमध्ये स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा असतो. तिथं अॅक्सलला खालून आधार दिला, की वरचा आणि खालचा बोल्ट काढून काम भागतं. पुढचं तसं नाही.

माझ्या गाडीचा पुढचा डावा शॉकअप गेला तो गेल्या पावसाळ्यानंतर. गगनबावड्याकडं माझी कामाची फेरी असते, कधी करूळ घाट उतरून पार वैभववाडीपर्यंत. त्या रस्त्यानं शॉकअप जाणं हा अपघात नाही, भाडं आहे. आधी स्पीडब्रेकरनंतर नाक दोन-तीनदा वर-खाली व्हायला लागलं, मग टायर एका बाजूला खवल्याखवल्यांनी झिजलेला दिसला, आणि शेवटी नळीवर तेलाचा ओघळ. गाडीचं वजन आणि खड्ड्याचा धक्का झेलते ती स्प्रिंग. शॉकअपचं काम एवढंच, की झेलून झाल्यावर ती नाचत बसू नये. आतला दट्ट्या तेलातून वर-खाली होतो, तेल बारीक भोकांतून सरकतं, आणि नाचण्याची ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. तेलच गळालं, तर स्प्रिंगला थांबवणारं कुणी उरत नाही.

घरी करायचं ठरवलं तेव्हा आईनं पहिला आक्षेप घेतला तो वेगळाच. "गॅरेजवाल्यांच्या पोटावर पाय कशाला देतोस?" मी म्हटलं, अगं आवड म्हणून. त्यावर ती म्हणाली, "आवडच पुरवायची तर माळ्यावरची रद्दी काढ." बायकोनं काहीच म्हटलं नाही, फक्त रविवारी सकाळी पोरांना घेऊन माहेरी जाईन असं सांगितलं. हे रागानं होतं की शहाणपणानं, मी विचारलं नाही. पण शहाणपणाचंच होतं. दाबलेल्या स्प्रिंगच्या आसपास, पोर्चमध्ये असो की सोसायटीच्या पार्किंगमध्ये, क्रिकेट खेळणारी पोरं असता कामा नयेत.

या कामाची खरी शिकवणी मला फार आधी, शाळेत असताना मिळाली होती. माझ्या काकांचं लेथ कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात होतं आणि समोरच वस्तादांचं गॅरेज. सुट्टीत मी काकांकडं डबा घेऊन जायचा आणि परत यायचं विसरून वस्तादांकडं बसायचा. ते स्प्रिंग उतरवायला घेत तेव्हा आधी सगळ्यांना जागा बदलायला लावत. कुणी कुठं उभं राहायचं हे ठरल्याशिवाय पान्याला हात नाही. "साहेबाच्या फुडं, घोड्याच्या मागं आनि स्प्रिंगच्या रेषेत उभारायचं न्हाई," हे त्यांचं वाक्य होतं. पहिली दोन कलमं सगळ्या महाराष्ट्राची, तिसरं त्यांनी स्वतः जोडलेलं.

रेषेत म्हणजे काय, ते तेव्हा कळलं नाही. स्प्रिंगची जी लांबी, तिचीच पुढं-मागं वाढवलेली रेघ. सुटली तर ती आणि तिच्यावरची लोखंडी ताटली याच रेघेत जाणार. माणूस वाकून काम करतो तेव्हा त्याचं तोंड नेमकं त्या रेघेवर येतं, कारण नट तिथंच आहे आणि नट बघायचा असतो. म्हणून शॉकअप वाईसमध्ये आडवा धरायचा, टोक भिंतीकडं, आणि आपण बाजूला.

आता आकडे, कारण भीती वाटायला हवी ती नेमकी हवी. छोट्या हॅचबॅकची पुढची स्प्रिंग एक सेंटीमीटर दाबायला ढोबळमानानं २० किलोचा भार लागतो. गाडीनुसार हे कमी-जास्त होतं. शॉकअपवर बसवलेली असताना ती, गाडी जॅकवर लटकत असली तरी, आठ-दहा सेंटीमीटर दबलेलीच असते. म्हणजे मधला नट कुठलाही धक्का नसताना दीड-दोनशे किलो थोपवून असतो. नट सोडता यावा म्हणून आपण तिला आणखी चार-पाच सेंटीमीटर दाबतो, आणि भार ३०० किलोच्या घरात जातो. रॉबर्ट हूकनं १६७६ साली हा नियम अक्षरांची उलथापालथ करून कोड्यासारखा छापला आणि १६७८ साली उकलून सांगितला: जेवढा ताण तेवढं बल. बल असं सरळ चढत जातं, पण आत साठणारी ऊर्जा वर्गानं चढते. दाब दुप्पट केला की ऊर्जा चौपट. १५ सेंटीमीटर दाबलेल्या अशा स्प्रिंगमध्ये साधारण सव्वादोनशे जूल असतात. घरातला भरलेला गॅस सिलिंडर पाऊण मीटरवरून खाली पडावा, तेवढे. फरक एवढाच की सिलिंडर पडताना दिसतो. म्हणून शेवटचे फेरे उगाच मारायचे नसतात. लागेल तेवढंच दाबायचं, शौक म्हणून नाही.

दाबायचं साधन म्हणजे स्प्रिंग कंप्रेसर. घरगुती कामाला मिळतो तो दोन लांब स्क्रूंचा, प्रत्येकावर वर-खाली वेटोळ्यांत अडकवायचे आकडे, म्हणजे हूक, असलेला. विकत घेताना मी दोनच गोष्टी बघतो. आटे स्वच्छ आहेत का, आणि आकड्यांना आडवी पिन किंवा लॉक आहे का. पिन नसेल तर आकडा वेटोळ्यावरून घसरू शकतो, आणि या सगळ्या प्रकरणात घसरणं हाच एक शब्द परवडत नाही. आट्यांना ग्रीस फासायचं. इम्पॅक्ट गन, म्हणजे गॅरेजातलं ते खडखडणारं यंत्र, या स्क्रूला लावायचं नाही. वेगात आटे तापतात, चावतात, आणि बिघडतंय हे हाताला कळायच्या आत बिघडलेलं असतं. पाना हातानं फिरवण्यात कळण्याची सोय आहे.

गाडीतून शॉकअप काढणं मेहनतीचं आहे, पण गहन नाही. सपाट जागा, मागच्या चाकांना दगड किंवा गुटके, हँडब्रेक, आणि जॅकवर विसंबायचं नाही, गाडीखाली घोडी, म्हणजे लोखंडी स्टँड, लावायची. चाक काढायचं, ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर शॉकअपवरच्या क्लिपमधून मोकळी करायची, लिंक रॉड सोडायचा. खालचे बोल्ट काढण्याआधी ते कुठं बसले होते त्याची खडूनं किंवा खिळ्यानं खूण करायची, कारण बऱ्याच गाड्यांत चाकाचा कल तिथं ठरतो. नकल, म्हणजे चाकाचा हब धरणारा लोखंडी भाग, मोकळा झाला की तारेनं बांधून ठेवायचा, होजवर लोंबकळू द्यायचा नाही. मग वर जाऊन कडेचे नट. शेवटचा नट सोडताना एक हात खाली, कारण खांब खाली येतो आणि तो हलका नसतो. मधल्या नटाकडं अजून बघायचंही नाही.

आणि खांब हातात आला की आधी स्प्रिंग नीट पुसून बघायची. रंगाचे पोपडे कुठं उडालेत, गंजानं कुठं खड्डा पडलाय, खालचं वेटोळं तुटलंय का. कोकणात चालणाऱ्या गाड्यांत हे हमखास दिसतं. खारी हवा आणि स्प्रिंग जिच्यात टेकते त्या बैठकीत साचलेला ओला चिखल मिळून स्प्रिंगच्या टोकाला पोखरतात. तडकलेली किंवा तुटलेली स्प्रिंग घरी दाबायची नाही. तो विषय तिथंच संपला, शॉकअप तसाच उचलून जाणत्याकडं न्यायचा.

कंप्रेसरचे दोन स्क्रू एकमेकांच्या बरोबर समोर लावायचे. जितकी जास्त वेटोळी आकड्यांमध्ये येतील तितकं बरं. मग एका बाजूला दोन फेरे, दुसऱ्या बाजूला दोन फेरे. पुन्हा इकडं, पुन्हा तिकडं. एक बाजू पुढं गेली तर स्प्रिंग दुसऱ्या बाजूला पोट काढते आणि आकडे तिरके व्हायला लागतात. (काही गाड्यांची स्प्रिंग मुळातच किंचित वाकडी बनवलेली असते, दट्ट्यावर येणारा आडवा दाब कमी व्हावा म्हणून. त्यामुळं सुरुवातीला कशी दिसत होती ते डोळ्यात साठवून ठेवलेलं बरं. मी मोबाईलवर फोटोच काढतो.)

हा भाग कंटाळवाणा आहे. इंटरनेटवरच्या व्हिडिओंत तो कापून टाकतात किंवा चौपट वेगानं पळवतात, आणि बघणाऱ्याचा समज होतो की खरं काम नट सोडण्याचं. खरं काम हेच आहे. स्क्रू फिरताना आट्यांचा एक खरबरीत कुरकुर आवाज येत राहतो. सुरुवातीला पाना बोटांनी फिरतो, मग मनगट लागतं, मग खांदा. वेटोळ्यांमधल्या फटी एकसारख्या बारीक होत जातात. मधूनच एखादा आकडा कट् करून केसभर सरकून बसतो, तेवढ्यानंही काळजाचा ठोका चुकतो. तो आवाज आला की थांबायचं, दोन्हीकडचे आकडे बघायचे, पिना बघायच्या, मगच पुढं.

किती दाबायचं याचं मोजमाप वस्तादांनी दिलं ते मला अजून कुठल्या पुस्तकात यापेक्षा सोपं सापडलं नाही. "नट सोडू नको लेका, आधी स्प्रिंगला हात लाव. हातानं बैठकीत फिरली पायजे. फिरली तर तुझी, न्हाईतर अजून तिची." म्हणजे वरच्या ताटलीवरचा तिचा भार पूर्ण गेला पाहिजे. ती दोन बैठकींच्या मधे सैल, खुळखुळती झाली की मधल्या नटावर काही उरत नाही. तेवढं झालं की थांबायचं. वेटोळी एकमेकांना टेकेपर्यंत दाबत राहणं हा अडाणीपणा आहे.

मग मधला नट. दट्ट्याचा रॉड नटाबरोबर गरगर फिरू नये म्हणून त्याच्या टोकाला एलन की किंवा पाना लावून धरायचा आणि नट सोडायचा. स्प्रिंग खरंच मोकळी असेल, तर इतका वेळ धास्ती घेतलेला हा नट निमूटपणे वर येतो. काही म्हणजे काही होत नाही. वरचं माउंटिंग, त्याखालचं बेअरिंग, ताटली, बंप स्टॉप, धुळीची रबरी नळी, सगळं ज्या क्रमानं निघतं त्या क्रमानं वर्तमानपत्रावर ओळीनं मांडायचं.

कंप्रेसरमध्ये अडकलेली स्प्रिंग आता एकटी राहते. माझ्या मते सगळ्या कामातला सगळ्यांत वाईट क्षण हा. नट तर सुटला, मनात आपण जिंकलेलो असतो, चहाची आठवण होते, आणि फरशीवर तो ३०० किलोंचा ऐवज नुसता पडलेला असतो. स्थिर वस्तू माणसाला निरुपद्रवी वाटते. तिला पायानं सरकवायचं नाही, छातीशी धरून उचलायचं नाही, तशीच ठेवून बाजारात जायचं नाही. नवा शॉकअप आधीच उघडून, उभा धरून, दट्ट्या चार-पाचदा पूर्ण वर-खाली करून तयार ठेवलेला असावा, म्हणजे स्प्रिंग लगेच त्यावर चढवता येते. चहा नंतर.

या जागी जुगाडाबद्दल बोललं पाहिजे, कारण आपल्याकडं त्याचं फार कौतुक आहे. गाडीच्याच वजनानं स्प्रिंग दबलेली असताना वेटोळ्यांना तार किंवा साखळी गुंडाळायची, मग गाडी उचलायची, आणि बांधलेली स्प्रिंग बाहेर काढायची, असं करणारे लोक मी पाहिलेत. कंप्रेसर कशाला हवा, म्हणतात. दाबण्यापुरतं ते खोटं नाही. पण कंप्रेसर आपण दाबण्यासाठी घेतच नाही. दाबायला गाडीचं वजन आहे, जॅक आहे, दोन दांडगे मित्र आहेत. कंप्रेसर लागतो तो सोडण्यासाठी, जेवढी दाबली तेवढीच हळू, फेऱ्याफेऱ्यानं. तार बांधलेल्या स्प्रिंगला सोडायचा एकच मार्ग आहे, तार कापणं. जुगाडाला परतीची वाट नसते, एवढंच त्याचं वाईट आहे.

माझी शिफारस कुणी विचारली तर मी अर्धंच काम घरी करा म्हणतो. शॉकअप गाडीतून स्वतः काढा, पिशवीत घाला, आणि रिक्षानं ओळखीच्या गॅरेजात न्या. तिथं जमिनीत किंवा भिंतीला पक्कं केलेलं मोठं कंप्रेसर असतं, स्प्रिंग त्यात सगळीकडून धरलेली राहते आणि काम थोडक्यात होतं. परत आणून बसवण्याचं सुख पुन्हा आपलंच. यात कमीपणा काही नाही. कंप्रेसरचे आकडे तुमच्या स्प्रिंगवर नीट बसत नसतील, किंवा पाना फिरवताना मनात पाल चुकचुकली, तर तसंच उलटं फिरवून सैल करायचं आणि रिक्षा बोलवायची. अमेरिकेत राहणारा माझा मावसभाऊ तर तेवढंही करत नाही. तिकडं स्प्रिंग, माउंटिंग, शॉकअप असा जोडलेला तयार खांबच दुकानात मिळतो, मधल्या नटाला हात लावायची वेळच येत नाही. तो म्हणतो यात मजा नाही. मला वाटतं, आईला त्याची पद्धत पटेल.

बसवणं उलट्या क्रमानं. दोनच गोष्टी चुकवायच्या नाहीत. स्प्रिंगचं खालचं टोक बैठकीतल्या खाचेला टेकलं पाहिजे, आणि कंप्रेसर सैल करायच्या आधी मधला नट पूर्ण घट्ट झालेला असला पाहिजे, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या टॉर्कनं. मग पुन्हा तेच, इकडं दोन फेरे, तिकडं दोन फेरे, स्प्रिंग दोन्हीकडं बसत जाते तसतसा स्क्रू हलका होतो. आकड्यांनी स्प्रिंगवरचा रंग खरवडला असेल तर तिथं रंगाचा हात मारायचा, नाहीतर गंज तिथूनच सुरू होतो. दुसऱ्या बाजूचा शॉकअप चांगला दिसत असला तरी तोही बदलायचा. एक नवा आणि एक दमलेला अशी जोडी ब्रेक मारताना गाडीला एकीकडं ओढते. आणि दुसऱ्या दिवशी अलाइनमेंट, खडूच्या खुणांवर कितीही भरवसा असला तरी.

जुने शॉकअप पोर्चच्या कोपऱ्यात पडून होते. भंगारवाला आला तेव्हा त्यानं एक उचलून दट्ट्या दाबून पाहिला. तो दाबला गेला आणि सोडल्यावर आपोआप हळूहळू वर आला. आजकालच्या बऱ्याच शॉकअपमध्ये तेलाबरोबर दाबाखालचा नायट्रोजन असतो, तेल गळालं तरी तो पुष्कळदा आत शिल्लक राहतो. अशी नळी गॅसकटरखाली किंवा भट्टीत तशीच गेली तर फुटते. कंपन्यांच्या पुस्तकात ती टाकून देण्याआधी ठरलेल्या जागी, डोळ्यांना चष्मा लावून, बारीक भोक पाडून दाब काढायला सांगितलेलं असतं. मी त्याला एवढं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "कटर न्हाई लावत मालक, वजनावर विकतो आमी." मग त्यानं किलोचा भाव सांगितला, मी थोडी घासाघीस केली, आणि खडूनं दोन्ही नळ्यांवर मोठ्या अक्षरात 'गॅस' लिहून दिलं.